हरकतींना उत्तर हवे

आज १ जून. १९९३ मध्ये याच दिवशी ७४ वी घटनादुरुस्ती अमलात आली आणि नगरपालिकांना राज्यघटनेत हक्काची जागा मिळाली. तोवर राज्य सरकारच्या मर्जीवर चालणाऱ्या या संस्थांना पाच वर्षांची निश्चित मुदत मिळाली, महिलांना किमान एक तृतीयांश जागा मिळाल्या आणि नगररचनेपासून पाणीपुरवठ्यापर्यंत १८ विषयांची यादी बाराव्या अनुसूचीत नोंदली गेली. त्याला आज ३३ वर्षे झाली. महाराष्ट्रात यंदा या दिवसाला आणखी एक कारण जोडले गेले आहे. दीर्घकाळ प्रशासकांच्या हाती राहिलेल्या नगरपरिषदा आणि नगरपंचायतींच्या निवडणुका गेल्या डिसेंबरात झाल्या. लोकांनी निवडलेले नगराध्यक्ष आणि नगरसेवक पुन्हा सभागृहात बसले, ही समाधानाची गोष्ट आहे. प्रश्न आता पुढचा आहे. एका निवडणुकीपासून दुसरीपर्यंतच्या पाच वर्षांत लहान शहरातल्या माणसाने आपले म्हणणे कुठे मांडायचे? आणि मांडलेच, तर त्याचे पुढे काय होते?

मोठ्या शहरांसाठी घटनादुरुस्तीने निदान एक वाट ठेवली. तीन लाख किंवा त्याहून अधिक लोकसंख्येच्या शहरांत प्रभाग समित्या बंधनकारक केल्या. तीस, पन्नास, ऐंशी हजार वस्तीच्या आपल्या बहुतेक नगरपरिषदा या सक्तीच्या बाहेर राहिल्या. तालुक्याच्या गावात सगळे एकमेकांना ओळखतात, नगरसेवक चहाच्या टपरीवर भेटतो, मग वेगळी व्यवस्था कशाला, असे म्हटले जाते. पण ओळखीवर चालणारा कारभार ओळख असलेल्यांच्याच कामी येतो. भाड्याने राहणारे कुटुंब, बाजारात पाटी घेऊन बसणारी भाजीवाली, शहराच्या टोकाला नव्या वसाहतीत राहायला आलेला शिक्षक यांची नगरसेवकाशी ऊठबस नसते. त्यांना ओळखपाळख नसताना हक्काने बोलता येईल अशी जागा लागते.

खेड्याला अशी जागा आहे. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमानुसार वर्षातून किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात, त्याआधी महिलांची स्वतंत्र सभा घ्यावी लागते आणि मतदारयादीत नाव असलेला कोणीही उठून सरपंचाला खर्चाचा हिशेब विचारू शकतो. सगळ्याच ग्रामसभा नीट चालतात असे नाही. गणपूर्तीअभावी तहकूब होणाऱ्या आणि सह्यांपुरत्या उरलेल्या सभाही आहेत. तरीही हक्क शाबूत आहे आणि ज्या गावाला तो वापरायचा असतो ते गाव तो वापरते. गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा (लेखा) गावाने निर्णय सर्वसहमतीने घेण्याची आणि त्यासाठी अभ्यासगटात विषयाची नीट उकल करून घेण्याची पद्धत रुजवली, ती ग्रामसभेच्याच बळावर.

आता तालुक्याच्या गावांकडे पाहा. २०१४ नंतर राज्यातल्या तालुका मुख्यालयांच्या ग्रामपंचायतींच्या नगरपंचायती झाल्या. कुडाळ, दोडामार्ग, मंडणगड ही त्यातली कोकणातली गावे. दर्जा वाढला, नागरी योजनांच्या निधीची दारे उघडली आणि त्याच दिवशी ग्रामसभा संपली. काल सभेत उभे राहून बोलणारा माणूस आज नुसता मतदार आणि घरपट्टी भरणारा खातेदार उरला. त्याच्याकडून हा हक्क काढून घ्यायचा असे कोणी मुद्दाम ठरवले नव्हते. पण गेलेला हक्क परत देण्याचे कोणी मनावर घेतले नाही, हेही तितकेच खरे आहे.

शहरवासीयाच्या हाती आज प्रत्यक्षात जे कायदेशीर साधन उरते ते ‘हरकती व सूचना’ एवढेच. त्यातही सर्वांत महत्त्वाचा प्रसंग विकास आराखड्याचा. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ नुसार प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाला की हरकती-सूचनांसाठी ३० दिवस मिळतात. मग स्थायी समितीचे तीन सदस्य आणि नगररचना संचालकांनी नेमलेले जास्तीत जास्त चार जाणकार यांची नियोजन समिती सुनावणी घेते. व्यवस्था कागदावर चांगली आहे. प्रत्यक्षात राजपत्रात आणि एखाद-दुसऱ्या दैनिकात बारीक टाइपात जाहीर प्रकटन येते आणि नकाशा नगरपरिषदेच्या इमारतीत भिंतीला लागतो. त्यावर आरक्षण क्रमांक असतात, सर्व्हे नंबर असतात, रंगांच्या पट्ट्या असतात. मारुतीचे देऊळ, पिंपळाचा पार, शाळेमागची विहीर या लोकांच्या ओळखीच्या खुणा त्यावर सापडत नाहीत. आपले घर नेमके कोणत्या रंगात आहे हे शोधण्यातच माणसाचा अर्धा दिवस जातो.

ज्याच्या जमिनीवर आरक्षण पडले तो वकील किंवा वास्तुविशारद गाठतो, मुदतीत हरकत देतो, आवक शिक्का मारून पोच घेतो. त्यात गैर काहीच नाही, तो त्याचा हक्क आहे. पण ज्या मुलांचे मैदान त्या आरक्षणावर अवलंबून आहे त्यांच्या आईवडिलांना नकाशा लागल्याचीही खबर नसते. सुनावणीला जमीनमालकांची रांग लागते आणि मैदान हवे असे सांगणारे कोणी येत नाही. पुढेही तेच. आरक्षित जागा दहा वर्षांत ताब्यात घेतली नाही, तर ती खरेदी करा अशी नोटीस मालकाला देता येते आणि नंतरच्या मुदतीतही नगरपरिषद हलली नाही तर आरक्षण रद्द होते. ही तारीख मालकाच्या पक्की ध्यानात असते. वस्तीच्या वतीने ती ध्यानात ठेवणारे कोणी नसते. शहरातली कितीतरी मैदाने आणि बागा अशाच, कोणी चकार शब्द न काढता, नकाशावरून पुसल्या जातात.

लोकांचे वेळेवर ऐकले नाही की काय होते, हे चिपळूणने दाखवून दिले. २०११ च्या जनगणनेत या शहराची लोकसंख्या सुमारे ५५ हजार होती. २६ जुलै २००५ आणि २२ जुलै २०२१, दोन्ही वेळा वाशिष्ठी आणि शिव नदीचे पाणी बाजारपेठेत शिरले. १८६४ पासून उभे असलेले लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरही त्यातून सुटले नाही. दुसऱ्या पुरानंतर पूररेषांचा प्रश्न ऐरणीवर आला. साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा, १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषा. निळीच्या आत बांधकामाला मनाई, दोन्हींच्या मधल्या पट्ट्यात निर्बंध. जुन्या शहराचा मोठा भाग या रेषांत सापडला. अभियंत्यांचे गणित महत्त्वाचे आहेच. पण पाणी कोणत्या गल्लीतून आधी आले, उंबऱ्याला किती वाजता लागले, माळ्यापर्यंत किती वेळात चढले, नदीतली गाळाची बेटे गेल्या काही वर्षांत किती वाढली, खाडीला भरती असताना पाणी किती वेळ तुंबून राहिले, हे ज्या घरांच्या भिंतींवर दोन्ही पुरांच्या खुणा आहेत त्या घरांनाच ठाऊक होते.

त्या लोकांचे म्हणणे होते, आधी नदीतला गाळ काढा. ते ऐकले जावे म्हणून चिपळूण बचाव समितीला डिसेंबर २०२१ मध्ये साखळी उपोषणाला बसावे लागले. त्यानंतर गाळ उपसण्याचे काम सुरू झाले. गाळ काढल्याने पूर किती आटोक्यात येईल आणि पूररेषा नेमकी कुठे असावी, याबद्दल जाणकारांची मते वेगळी असू शकतात. पण बुडालेल्या शहराला आपले अनुभव सरकारदरबारी पोचवण्यासाठी उपोषणाला बसावे लागू नये, एवढे तरी सर्वांना मान्य व्हावे. उपोषण, मोर्चा, रास्ता रोको ही लोकशाहीतली शेवटची साधने आहेत. आपल्या लहान शहरांत ती पहिली होऊन बसली आहेत, कारण त्याआधीच्या पायऱ्या बांधलेल्याच नाहीत.

लोकांना विचारत बसले की कामे रखडतात, हा आक्षेप अधिकारीवर्गाकडून नेहमी येतो. तो उडवून लावण्यासारखा नाही. खुल्या सभेत मोठ्या आवाजाचा माणूस वरचढ ठरतो. कचरा डेपो हवा असतो, पण आपल्या भागात नको असतो. रस्ता रुंद व्हावा, पण आपल्या दुकानाची पायरी शाबूत राहावी असे प्रत्येकाला वाटते. मागणी लोकांची आहे म्हणून ती आपोआप योग्य ठरत नाही. निर्णय शेवटी निवडून आलेल्या सभागृहानेच घ्यायचा असतो आणि कधी कधी तो बहुतेकांना न आवडणाराही असतो. पण म्हणूनच निर्णयाचे कारण सांगणे अधिक गरजेचे ठरते. तुमची सूचना मान्य केली, अमुक बदल केला. किंवा मान्य केली नाही, कारण अमुक आहे, असे दोन ओळींचे लेखी उत्तर मिळाले की नाराज माणूसही पुढच्या वेळी बोलायला येतो. उत्तर मिळाले नाही की तो घरी बसतो, आणि मग ‘लोकांचा प्रतिसादच नाही’ असा शेरा फायलीत पडतो.

यासाठी नव्या कायद्याची वाट पाहण्याचीही गरज नाही. २००५ च्या माहितीच्या अधिकाराच्या कायद्याचे कलम ४ नीट वाचले तरी पुरे. लोकांवर परिणाम करणारे महत्त्वाचे निर्णय जाहीर करताना त्यासंबंधीची सर्व तथ्ये प्रसिद्ध करा आणि ज्यांच्यावर निर्णयाचा परिणाम होतो त्यांना त्याची कारणे द्या, असे ते कलम प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाला बजावते. त्यासाठी कोणी अर्ज करण्याचीही अट नाही. माहिती अधिकाराचा स्वतःचा कायदा २००२ मध्येच करणाऱ्या महाराष्ट्राला हे वेगळे सांगावे लागू नये.

सभेची सोयही नवलाची नाही. केरळने आपल्या नगरपालिका कायद्यात एक लाखापर्यंतच्या शहरांसाठी वॉर्डसभेची तरतूद केली, म्हणजे नेमकी ती शहरे जी आपल्याकडे मोकळी सोडली आहेत. तिथे १९९६ मध्ये सुरू झालेल्या लोकनियोजन मोहिमेत नियोजनाची सुरुवातच या सभांपासून झाली. आपल्याकडे पुणे महापालिकेने २००६-०७ पासून नागरिकांकडून कामे सुचवून घेऊन ती अंदाजपत्रकात धरण्याचा उपक्रम चालवला. पदपथ, दिवे, बाके अशी जवळची कामे त्यातून पुढे आली. सुचवलेल्या कामाचे पुढे काय झाले ते कळत नाही, ही त्या उपक्रमाबद्दलची तक्रारही तितकीच जुनी आहे. २००९ मध्ये राज्याने नागरी कायद्यात क्षेत्रसभेची तरतूद केली, कारण केंद्राच्या जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय नागरी पुनरुत्थान अभियानाची लोकसहभागाचा कायदा करा अशी अट होती. कायदा झाला, अट पुरी झाली; क्षेत्रसभा भरवण्याची सवय मात्र कुणाला लागली नाही.

ही सवय लावण्याचे काम आता नव्या नगरपरिषदांचे आहे. त्यासाठी फार मोठा खर्च नाही. फेब्रुवारीत अंदाजपत्रकाची विशेष सभा होते; त्याआधी, डिसेंबर-जानेवारीत, प्रत्येक प्रभागात एक सभा घ्यावी. ती शाळेच्या पटांगणात किंवा समाजमंदिरात संध्याकाळी भरावी, म्हणजे मजूर आणि नोकरदारांनाही येता येईल. महिलांची सभा ग्रामसभेच्या धर्तीवर आधी आणि वेगळी व्हावी. नळाला पाणी किती वाजता येते, कोणत्या कोपऱ्यावर दिवा नाही, शौचालय कुठे बंद पडले आहे याची बिनचूक माहिती त्यांच्याकडे असते. प्रभागाच्या वाट्याला किती रक्कम आहे, हे मुख्याधिकाऱ्यांनी सभेत आधी सांगावे. रक्कम माहीत नसेल तर मागण्यांची नुसती यादी वाढते. माहीत असेल तर लोक आपणहून अधिक निकडीचे काम वर घेतात. विकास आराखडा असो की पूररेषा, त्या-त्या प्रभागाचा तुकडा मोठा करून, ओळखीच्या खुणा दाखवून त्याच प्रभागात लावावा. आणि आलेल्या प्रत्येक हरकतीपुढे निर्णय आणि कारण लिहिलेला तक्ता सभेच्या इतिवृत्ताबरोबर नगरपरिषदेच्या फलकावर लागावा.

नागरिकांचेही यात कर्तव्य आहे. प्रशासक असताना ‘विचारायचे कुणाला?’ ही सबब तरी होती. आता ती उरलेली नाही. आपल्या गटाराची तक्रार घेऊन जाणारे पुष्कळ आहेत, शेजारच्या गल्लीतल्या मैदानासाठी हरकत देणारे हवे आहेत. नोटीस लागली की ती वाचा. जे म्हणायचे ते लेखी द्या, पोच घ्या आणि उत्तर येईपर्यंत मागत राहा. वाचनालये, ज्येष्ठ नागरिक संघ, व्यापारी मंडळे आणि महिला बचत गट यांनी ठरवले तर प्रभागाचा नकाशा समजावून सांगणारी एक संध्याकाळ प्रत्येक शहरात सहज होऊ शकते.

नव्या सभागृहांना अजून साडेचार वर्षे आहेत. नगराध्यक्षांनी येत्या सर्वसाधारण सभेत दोन ठराव मांडावेत : अंदाजपत्रकापूर्वी प्रभागसभा घेण्याचा आणि प्रत्येक हरकतीला लेखी, सकारण उत्तर देण्याचा. आणि तुमच्या नगरसेवकाने त्यांच्या बाजूने हात वर केला की नाही, हे वाचकहो, तुम्ही त्याला नक्की विचारा.