आधी पुसा, मग बोला

मेकॅनिकलला ॲडमिशन घेतली की नातेवाईकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "मग काय, गाडी दुरुस्त करता येते का?" गेल्या दिवाळीपर्यंत मी बिनधास्त "हो" म्हणायचो. आता जरा थांबतो. कारण मामाची ॲम्बॅसडर.

मॉरिस ऑक्सफर्डवर बेतलेली ही गाडी उत्तरपाड्याच्या कारखान्यात १९५७ ते २०१४ पर्यंत बनत होती. मामाकडची जुनी, १४८९ सीसी पेट्रोल इंजिनची. ती उभी राहील तिथे फरशीवर तेलाचा डाग पडायचा. मी गाडीखाली शिरलो. बेल हाऊसिंगच्या तळाच्या भोकातून थेंब पडत होते. बाहेर येऊन निकाल दिला, "क्रँकशाफ्टचं मागचं ऑइल सील गेलंय!"

गॅरेजचे मिस्त्री म्हणाले, "दादा, या इंजिनाला मागं रबराचं सील नसतंय. आधी धुवून बघूया." मी म्हणालो, "सील असतंच." मामा भाच्याच्या बाजूने. म्हणाला, "तो इंजिनिअर होतोय, तो म्हणतो तसं करा."

गिअरबॉक्स उतरला, क्लच निघाला, फ्लायव्हील निघालं. सील नव्हतंच! शाफ्टवर आट्यांसारखी खाच होती. शाफ्ट फिरताना ती तेल परत आत ढकलते. क्लच प्लेट कोरडी ठणठणीत. दोन दिवसांची मजुरी मामाच्या खिशातून गेली. मामा एक शब्द बोलला नाही, तेच जास्त लागलं.

सगळं परत जोडल्यावर मिस्त्रींनी त्यांच्या पद्धतीने काम केलं. रॉकेल आणि ब्रशने इंजिन धुतलं, पुसून कोरडं केलं, वरून चक्क टाल्कम पावडर मारली. गाडी चालू करून गरम होऊ दिली आणि आरसा-बॅटरी घेऊन बघत बसले. पांढऱ्या पावडरवर एक काळा ओघळ उतरला. तो येत होता इंजिनाच्या कुशीतल्या, मॅनिफोल्डमागे दडलेल्या टॅपेटच्या साइड कव्हरमधून. तेल तिथून खाली, मग मागे बेल हाऊसिंगवर. "तेल दिसतंय तिथनंच गळतंय असं नसतं. सगळ्यात वरचा ओला भाग शोधायचा," मिस्त्री म्हणाले.

कॉर्कचं पॅकिंग वाळून कडक झालं होतं. गळती थांबावी म्हणून कुणीतरी बोल्ट आवळत गेलेलं, त्यामुळे पत्र्याचं कव्हर वाकलेलं. म्हणजे आवळल्यामुळे गळती वाढली होती! शिवाय ब्रीदर पाइप चिखलासारख्या गाळाने तुंबलेला. पिस्टन रिंगांना चुकवून खाली येणाऱ्या वायूला बाहेरची वाट नसेल, तर क्रँककेसमध्ये दाब वाढतो आणि तेल मिळेल त्या फटीतून बाहेर पडतं. नुसतं पॅकिंग बदललं असतं तर गळती पुन्हा आलीच असती. कव्हर सपाट केलं, नवं पॅकिंग बसवलं, ब्रीदर साफ केला, बोल्ट बेताने आवळला. रात्री गाडीखाली पेपर अंथरला. सकाळी त्यावर फक्त एक छोटा ठिपका होता. जुन्या इंजिनाला तेवढं माफ.

आता मुद्द्याचं. सीलची व्याख्या मला व्हायवात पाठ होती, पण समोरचं इंजिन धुवून बघावं हे सुचलं नाही. का सुचेल? लॅबमध्ये आम्हाला उत्तर आधीच माहीत असतं. ग्राफ आधी काढायचा, रीडिंग नंतर 'बसवायची' आणि जर्नल सीनिअरचं. होस्टेलमध्येही तेच. छतातून पाणी ठिबकलं की आपण खाली बादली लावतो, वर टाकीपर्यंत कोण जातो?

सरांना एक विनंती. आय. सी. इंजिन लॅबमध्ये वर्षातून एकदा तरी एखाद्या इंजिनात मुद्दाम दोष घालून ठेवा आणि तो आम्हाला शोधू द्या. चुकलो तर मार्क कापा. मामाच्या खिशापेक्षा ते स्वस्त पडेल.

आणि मित्रांनो, पुढच्या वेळी कुणी विचारलं, "काय बिघडलंय रे?" तर लगेच उत्तर देऊ नका. आधी फडकं मागा.

— तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी