पाटीवरचे ‘प्रा. लि.’

सिन्नरजवळ मुसळगावच्या सहकारी औद्योगिक वसाहतीत किंवा माळेगावच्या एमआयडीसीत दोन लेथ टाकून बसलेल्या नव्या उद्योजकाला पहिला सल्ला मिळतो तो हा : ‘प्रायव्हेट लिमिटेड करून टाक, टॅक्स कमी बसतो.’ सल्ला देणारा शेजारच्या गाळ्यातला असतो आणि त्याचे सारे शास्त्र दोन आकड्यांत मावते. भागीदारी फर्मला 30 टक्के, कंपनीला 22. आकडे खरे आहेत. अधिभार आणि उपकर धरले तर फर्मचे 31.2 होतात आणि कंपनीचे 25.17. पण छोट्या गाळ्याचा हिशोब या दोन आकड्यांवर चालतच नाही.

वर्षाचा नफा 12 लाख धरू. दुसरे उत्पन्न नसेल तर प्रोप्रायटरला नव्या करप्रणालीत 2025-26 साठी कर शून्य. हाच नफा कंपनीत राहिला तर 3 लाख 2 हजार रुपये कर. यावर शेजाऱ्याचे उत्तर तयार असते : डायरेक्टर म्हणून पगार काढ. काढला. कंपनीचा नफा शून्य, पगारावरचा करही शून्य. म्हणजे शून्यावरून निघून शून्यावरच पोचलो. वाटेत ऑडिटची फी, आरओसीचे वार्षिक फॉर्म आणि टीडीएसची विवरणपत्रे तेवढी भरली. कंपनीची उलाढाल कितीही किरकोळ असो, ऑडिट सुटत नाही. पत्नीला डायरेक्टर करून पगार वाटून घ्यावा, तर त्या कामासाठी लागणारे तांत्रिक वा व्यावसायिक शिक्षण-अनुभव तिच्याकडे नसल्यास तो पगार बहुधा नवऱ्याच्याच उत्पन्नात धरला जातो. ही अट सांगायला शेजारी हमखास विसरतो.

नफा 50 लाखांवर गेला की चित्र पालटते. तिथे प्रोप्रायटरला 11 लाख 23 हजार कर बसतो. मालकाने पावणेपंचवीस लाख पगार काढला आणि बाकीचा नफा कंपनीत ठेवला तर दोन्ही मिळून साडेनऊ लाखांच्या आत भागते. पावणेदोन लाख वाचले. पण ते वाचतात बाकीचा पैसा नव्या मशीनमध्ये गेला तर. तोच लाभांश म्हणून घरी आणला की मालकाच्या हाती पुन्हा जवळजवळ 5 लाख 90 हजारांचा कर उभा. तेव्हा टक्क्याआधी विचारायचे ते हे की नफा कारखान्यात राहणार आहे की मुलीच्या लग्नात आणि नाशिकच्या फ्लॅटमध्ये जाणार आहे. दोन्ही रास्तच, पण दोन्हींना एकच पाटी चालत नाही.

प्रोप्रायटरच्या बाजूने आणखी एक सोय आहे. सगळे तिला ‘चव्वेचाळीस एडी’ म्हणतात. 1 एप्रिल 2026 पासूनच्या नव्या प्राप्तिकर कायद्यात ती कलम 58 मध्ये गेली आहे, पण बोलण्यातला आकडा इतक्यात बदलायचा नाही. रोखीची जमा 5 टक्क्यांच्या आत असेल तर 3 कोटींच्या उलाढालीपर्यंत बँकेतून आलेल्या रकमेचे 6 टक्के नफा दाखवता येतो. भागीदारी फर्मलाही ही वाट मोकळी आहे. एलएलपीला आणि कंपनीला नाही. नाव भारदस्त म्हणून एलएलपी काढणाऱ्याला हे कळते ते बहुधा पहिल्या विवरणपत्राच्या वेळी. अर्थात खरा नफा जास्त असताना कागदावर 6 टक्के दाखवणारा पुढे मशीनसाठी कर्ज मागायला जातो, तेव्हा बँक तोच कागद त्याच्यासमोर धरते.

जीएसटीतला घोळ याहून मोठा. दीड कोटीपर्यंतच्या उत्पादकाला आणि व्यापाऱ्याला कंपोझिशन योजनेत उलाढालीचा 1 टक्का भरून मोकळे होता येते, म्हणून मार्चअखेर तो पर्याय निवडण्याची घाई उडते. सिन्नरच्या बाजारपेठेतल्या किराणा दुकानदाराला तो ठीक आहे, कारण गिऱ्हाइकाला इनपुट क्रेडिटशी देणेघेणे नाही. सातपूर-अंबडच्या कंपनीला सुटे भाग देणाऱ्याने मात्र कंपोझिशन घेतले तर त्याच्या बिलावर त्या कंपनीला क्रेडिट मिळत नाही. पुढची ऑर्डर शेजाऱ्याला जाते. राज्याबाहेर माल विकता येत नाही, आणि 20 लाखांच्या सीएनसीवर भरलेल्या 3 लाख 60 हजारांच्या जीएसटीवरही पाणी सोडावे लागते. कंपनीचाच माल घेऊन नुसते टर्निंग करून देणारा जॉबवर्कवाला तर कायद्याच्या लेखी सेवा देतो : दर 1 नव्हे, 6 टक्के, आणि मर्यादा 50 लाख. शिर्डी रस्त्यावरच्या हॉटेलवाल्याचा प्रकार आणखी गमतीचा. साध्या नोंदणीत 5 टक्के तो बिलात लावून गिऱ्हाइकाकडून घेतो, कंपोझिशनमध्ये तेच 5 टक्के त्याला वेगळे लावता येत नाहीत, गल्ल्यातून द्यावे लागतात. आणि ज्या विडीने सिन्नरचे नाव दूरवर नेले, तिच्या कारखानदाराला हे दारच बंद : तंबाखूच्या उत्पादनाला कंपोझिशन नाही.

राहिला ‘लिमिटेड’ या शब्दाचा दिलासा. बुडालो तर घरदार वाचेल, हा विचार चुकीचा नाही. पुरवठादारांच्या देण्यापुरता तो कामी येतो. पण बँक कर्ज देताना डायरेक्टरची वैयक्तिक हमी सहसा घेतेच, त्यामुळे सर्वात मोठ्या देण्यापुरते घर पुन्हा टांगणीला. शिवाय एमआयडीसीतला प्लॉट प्रोप्रायटरच्या नावावर असेल तर तो कंपनीकडे न्यायला महामंडळाची परवानगी आणि शुल्क लागते. हा खर्च टॅक्सच्या गप्पांमध्ये कोणी मोजत नाही.

बाहेर पडण्याचा खर्चही विचारून घ्यावा. धंदा नाही जमला तर प्रोप्रायटर देणी मिटवतो, नोंदण्या रद्द करतो आणि शटर ओढतो. कंपनीला आरओसीच्या नोंदवहीतून नाव काढून घेण्यासाठी 10 हजार रुपये शुल्काचा अर्ज करावा लागतो, तोही थकलेली वार्षिक विवरणे भरल्यावर. आणि त्या प्रत्येक फॉर्मवर उशिराच्या दर दिवसाचे 100 रुपये तोवर चढतच असतात.