साडेतीनशे अश्वशक्तीचे दोन हिशेब

कॉमर्सच्या विद्यार्थ्याने मोटारींवर लिहावे हा आगाऊपणा आहे, मान्य. पण वादाला तोंड फुटले ते आकड्यांवरून, आणि आकडे हा तर आमचा प्रांत! आपल्या मासिकाच्या कन्नड विभागात लिहिणारा माझा एक मित्र लॅम्बोर्गिनी मिउराचा भक्त आहे. मी फेरारी डेटोनाच्या बाजूचा. दोघांनीही या गाड्या चित्रांपलीकडे पाहिलेल्या नाहीत, हे आधीच सांगून टाकतो.

दोन्ही गाड्या इटलीच्या. मिउरा १९६६ साली जिनिव्हाच्या प्रदर्शनात आली. बारा सिलिंडर, ३९२९ सी.सी., ३५० अश्वशक्ती. डेटोना १९६८ साली पॅरिसला. तिलाही बारा सिलिंडर, ४३९० सी.सी., ३५२ अश्वशक्ती. कमाल वेग दोघींचा ताशी २७५ ते २८० किलोमीटरच्या घरात. दोन अश्वशक्तींसाठी कोण भांडणार? पण ताळेबंदाची बेरीज सारखी आली म्हणून दोन पेढ्या सारख्या ठरत नाहीत. पैसा कुठे गुंतला आहे ते पाहावे लागते. इथे वजन कुठे ठेवले आहे ते पाहावे.

मिउरात एवढे मोठे इंजिन चालकाच्या पाठीमागे, तेही आडवे बसवलेले. रस्त्यावरच्या गाडीत हे त्या काळी धाडसच होते. जागा वाचावी म्हणून गिअरबॉक्सही इंजिनाच्याच ओतीव कवचात घातला आणि सुरुवातीच्या गाड्यांत दोहोंना तेल एकच ठेवले. म्हणजे गिअर झिजून निघालेला धातूचा कीस इंजिनाच्या तेलात! त्यातून पेट्रोलची टाकी पुढे. ती रिकामी होऊ लागली की गाडीचे नाक हलके होई आणि भरधाव वेगात पुढची चाके रस्त्याची पकड सोडू पाहत. मार्चेल्लो गांदिनीने घडवलेले तिचे रूप मात्र असे, की चित्र समोर आले म्हणजे मीही दोन मिनिटे वाद विसरतो.

डेटोनाचे इंजिन जुन्या रीतीप्रमाणे पुढेच आहे. मित्र म्हणतो, जुनाट. पण गिअरबॉक्स मागच्या चाकांपाशी नेल्यामुळे पुढच्या-मागच्या चाकांवर भार जवळपास सारखा पडतो. गाडी मिउरापेक्षा जड खरी, आणि हळू चालवताना स्टिअरिंग फिरवायला मनगटात जोर हवा. दोष दोघींतही आहेत. परंतु डेटोनाचा दोष गाडी वळवून उभी करताना कळतो, मिउराचा ताशी दोनशेच्या पुढे. माझे मत तिथेच ठरले.

१९७१ साली डॅन गर्नी आणि ब्रॉक येट्स यांनी डेटोना न्यूयॉर्कहून कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यापर्यंत ३५ तास ५४ मिनिटांत नेली. (ही शर्यत बेकायदा होती, हे प्राध्यापकांच्या माहितीसाठी.) मिउरा याहून लवकर पोचली असती, असे मित्राचे ठाम मत. वाटेत टाकी निम्मी झाल्यावर काय, असे मी विचारले आहे. उत्तर तो आपल्या विभागात देणार म्हणतो.