समुद्रातील तेल आणि आमच्या मुलांचा वाटा

जुन्नर आणि आंबेगाव या दोन्ही तालुक्यांना समुद्रकिनारा नाही. येथील मुलांनी समुद्र पाहिलेला असतो तो बहुधा नकाशात, नाही तर मुंबईच्या सहलीत. अशा मुलांना अरबी समुद्राच्या तळाशी सापडलेल्या तेलाचे अर्थशास्त्र कशाला शिकवायचे, असा प्रश्न कोणी विचारील. स्पर्धा परीक्षेत ‘मुंबई हाय कशासाठी प्रसिद्ध आहे?’ असा एका गुणाचा प्रश्न येतो, त्याचे ‘खनिज तेल’ हे उत्तर पाठ करून घेतले की भागते, अशीही समजूत आहे. आम्हांस हे मान्य नाही. त्या तेलावर आमच्या विद्यार्थ्यांची घटनादत्त मालकी आहे. तो वाटा त्यांच्या घरापर्यंत कोणत्या मार्गाने येतो आणि कोठे अडतो, हे त्यांना कळले पाहिजे. आमच्या मते अर्थशास्त्राच्या शिक्षणाची सुरुवात येथून व्हावी.

प्रथम इतिहास पाहू. १९७३ च्या ऑक्टोबरात पश्चिम आशियात युद्ध पेटले आणि अवघ्या काही महिन्यांत जगातील तेलाचे भाव जवळजवळ चौपट झाले. परदेशी तेलावर अवलंबून असलेल्या आपल्या देशाला हा मोठाच तडाखा होता. त्याच संकटकाळात, फेब्रुवारी १९७४ मध्ये, तेल व नैसर्गिक वायू आयोगाच्या ‘सागर सम्राट’ या जहाजाला मुंबईच्या पश्चिमेस सुमारे १६० किलोमीटरवर समुद्रतळाखाली तेल सापडले. २१ मे १९७६ रोजी तेथून प्रत्यक्ष उत्पादन सुरू झाले. हे साहस सार्वजनिक संस्थेने, सार्वजनिक पैशाने केले, ही गोष्ट विद्यार्थ्यांच्या मनावर ठसवावी असे आम्हांस वाटते. १९८९ च्या सुमारास या क्षेत्राचे उत्पादन कळसाला पोहोचले आणि त्यानंतर ते ओसरत गेले. आज देश आपल्या गरजेच्या ८५ टक्क्यांहून अधिक कच्चे तेल आयात करतो.

हे तेल आणि त्यासोबतचा वायू किनाऱ्यावर जेथे उतरला, तेथे कारखानदारी उभी राहिली. मुंबई हायपासून समुद्रतळावरून नळवाहिन्या उरणला आल्या. तुर्भ्याच्या, म्हणजे ट्रॉम्बेच्या, तेलशुद्धीकरण कारखान्यांना देशी तेल मिळू लागले. अलिबागजवळ थळ येथे राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्सचा खत कारखाना याच सागरी वायूच्या भरवशावर उभारला गेला. वायूतील हायड्रोजन आणि हवेतील नायट्रोजन यांपासून अमोनिया व अमोनियापासून युरिया होतो. आपल्या गावातल्या कृषी सेवा केंद्रात २०२२ पर्यंत ‘उज्ज्वला’ नावाची युरियाची गोणी मिळत असे, ती याच कंपनीची. नागोठण्यास उरणहून आलेल्या वायूच्या घटकांपासून प्लास्टिकचे दाणे बनू लागले. ठिबकच्या नळ्या, मल्चिंगचा कागद, नारायणगावच्या बाजारात थप्पीने दिसणारे टोमॅटोचे क्रेट या सगळ्यांचा कच्चा माल अशाच उद्योगांतून येतो. ओतूरचा कांदा माळशेज घाटाने कल्याणकडे जातो किंवा मंचरचा माल वाशीच्या बाजाराकडे निघतो, तेव्हा गाडीभाड्यात डिझेलचा भाव असतोच. समुद्र आपल्या तालुक्यांत नाही, हे केवळ नकाशापुरतेच खरे आहे.

नळवाहिनी कोठे वळवायची, हाही प्रादेशिक अर्थकारणाचा प्रश्न असतो. मुंबई हायचा वायू उरणला आला, तर दक्षिण वसई क्षेत्रातील वायूसाठी समुद्रातून गुजरातेतील हजिऱ्यापर्यंत वाहिनी टाकण्यात आली. पुढे तो वायू हजिरा–विजयपूर–जगदीशपूर वाहिनीने मध्य प्रदेश आणि उत्तर प्रदेशापर्यंत गेला व त्या मार्गावर खत कारखाने उभे राहिले. यात कोणा राज्यावर अन्याय झाला, असे आम्ही म्हणत नाही. निर्णय कागदावरच्या एका रेषेचा असतो आणि तिच्यामुळे एका जिल्ह्यात रोजगार येतो, दुसऱ्यात येत नाही, एवढे मुलांना दिसले पाहिजे. ज्यांची जागा जाते आणि ज्यांना लाभ होतो, ते बहुधा निराळे लोक असतात, हेही दिसले पाहिजे. नवी मुंबई आणि बंदर यांसाठी गेलेल्या जमिनीच्या मोबदल्यासाठी उरण परिसरातील शेतकरी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली लढले आणि जानेवारी १९८४ मध्ये त्यांतील पाच जण गोळीबारात हुतात्मा झाले. आंबेगावच्या मुलांना हे समजावून सांगायला फार बोलावे लागत नाही. ज्या गावाचे नाव आपल्या तालुक्याला आहे, ते मूळ आंबेगावच डिंभे धरणात बुडाले. पाणी पूर्वेकडच्या शेतांना गेले आणि विस्थापन डोंगरातल्या आदिवासी बांधवांच्या वाट्याला आले.

आता मालकीचा प्रश्न. समुद्रतळाखालचे हे तेल कोणाचे? याचे उत्तर संविधानाच्या अनुच्छेद २९७ मध्ये आहे. १९४९ साली संविधान सभेत हा अनुच्छेद स्वतः बाबासाहेबांनी मांडला. किनारा असलेली संस्थाने भारतात सामील होत होती. आपल्या किनाऱ्यालगतच्या समुद्रातील संपत्ती आपलीच, असा दावा ती उद्या करतील, हे त्यांनी ओळखले होते. म्हणून प्रादेशिक समुद्राखालील जमीन, खनिजे व मौल्यवान वस्तू संघराज्याच्या स्वाधीन राहतील, अशी तरतूद झाली. १९६३ च्या १५ व्या घटनादुरुस्तीने तीत समुद्रबूड जमीन आली, तर १९७६ च्या ४० व्या दुरुस्तीने अनन्य आर्थिक क्षेत्र आले. मुंबई हायमध्ये तेल सापडण्याच्या पंचवीस वर्षे आधी त्याच्या मालकीचे तत्त्व बाबासाहेबांच्या हातून लिहिले गेले होते. जमिनीवरील तेलाचे स्वामित्वधन आसाम, गुजरात अशा राज्यांना मिळते. समुद्रातील तेलाचे मात्र केंद्राकडे जाते. महाराष्ट्राला ते मिळत नाही म्हणून काही जण हळहळतात. आम्ही या तरतुदीकडे वेगळ्या दृष्टीने पाहतो. संपत्ती किनाऱ्यावरच्या संस्थानिकाची नाही, सर्वांची आहे. म्हणजे ज्याच्या नावावर सातबारा नाही त्याचीही आहे. संघराज्य आणि प्रांत यांत पैसा कसा वाटावा, हा बाबासाहेबांच्या अभ्यासाचा मुख्य विषय होता. ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक वित्तव्यवस्थेवरील त्यांचा ग्रंथ १९२५ सालचा आहे. आजही पेट्रोल-डिझेलवरील केंद्रीय करातील उपकर आणि अधिभार यांचा भाग राज्यांना वाटून द्यावा लागत नाही. हा विषय शिकवताना त्या ग्रंथाची आठवण केल्यावाचून पुढे जाता येणार नाही.

तत्त्व झाले. वाटा प्रत्यक्ष घरी येतो का? येथे खरा पेच आहे आणि तो आमच्या पालकांशी थेट संबंधित आहे. युरियाच्या ४५ किलोच्या गोणीला शेतकरी सुमारे २६६ रुपये मोजतो. उरलेला खर्च केंद्र सरकार अनुदानातून भरते. हे अनुदान गोणीमागे आहे. ज्याची बागायत मोठी, त्याच्या शेतात गोण्या अधिक आणि म्हणून अनुदानही अधिक. आपल्यातील कित्येक कुटुंबांकडे जमीनच नाही, किंवा आहे ती पावसावरची डोंगरउताराची. दुसऱ्याच्या बांधावर टोमॅटो तोडणाऱ्या माउलीच्या हाती या अनुदानातले थेट काहीच पडत नाही. उलट डिझेल महागले आणि बाजार पडला, की पहिली काटछाट तिच्या मजुरीत होते.

मग भूमिहीनाचा वाटा कोणता? सार्वजनिक उद्योगातील नोकरी हा तो वाटा होता. तेल महामंडळ, शुद्धीकरण कारखाने, खत कारखाने येथे आरक्षणाचे धोरण लागू असल्याने अनुसूचित जाती-जमातींच्या मुलांना फिटर, तंत्रज्ञ, रसायनज्ञ, अभियंता होण्याची वाट मिळाली. अशी एक नोकरी लागली, की घरातील पुढच्या दोन पिढ्यांचे शिक्षण होते, हे माजी विद्यार्थ्यांना आम्ही सांगण्याची गरज नाही. १९४७ साली ‘राज्ये आणि अल्पसंख्याक’ या निवेदनात बाबासाहेबांनी मूलभूत उद्योग राज्यसंस्थेच्या मालकीचे असावेत असा आग्रह धरला होता, त्यातील एक लाभ येथे दिसतो.

ती वाट आता अरुंद होत आहे. नागोठण्याचा कारखाना ज्या सार्वजनिक कंपनीचा होता, तिचे व्यवस्थापन २००२ साली खासगी उद्योगसमूहाकडे गेले. खासगी कंपनीस आरक्षणाचे धोरण लागू होत नाही. सार्वजनिक कंपन्यांतही पुष्कळ कामे कंत्राटदारांकडे जातात. १७ मे २०२१ रोजी तौक्ते चक्रीवादळात मुंबई हाय परिसरातील कामावरच्या कामगारांचे पी-३०५ हे बार्ज बुडाले. त्यावर २६१ जण होते. त्यांतील सुमारे सत्तर जण परत आले नाहीत. ते कंत्राटी व्यवस्थेतील कामगार होते. त्यांच्या घामाने निघालेले तेल राष्ट्राचे, पण त्यांच्या जिवाची जबाबदारी मात्र कंत्राटाच्या कलमांत शोधावी लागते. आपल्या मुलांना ही बातमी केवळ दुर्घटना म्हणून माहीत असू नये. कायम नोकरी आणि कंत्राट यांत नेमका काय फरक असतो, याचा तो धडा आहे.

कोणी म्हणेल, तेलाचे युग सरत आले. मुलांना सौर ऊर्जा शिकवा. अवश्य शिकवावी. पृथ्वी तापत आहे आणि आमच्या डोंगरावरचा पाऊसही लहरी झाला आहे. परंतु विहीर आटण्यापूर्वी तिच्यातून काय उभे केले, हा प्रश्न त्यामुळे मिटत नाही. नॉर्वेला १९६९ साली उत्तर समुद्रात मोठा तेलसाठा सापडला. त्या देशाने १९९० साली कायदा करून तेलाच्या उत्पन्नाचा निधी निर्माण केला. मुद्दल राखून परताव्याइतकाच खर्च करावा, हे तेथील धोरण आहे. पुढच्या पिढीच्या नावाने असा तेलनिधी आपल्याकडे नाही.

आणि तरीही ही कल्पना आपल्या मातीला परकी नाही. नाशिकच्या लेण्यातील उषवदाताच्या शिलालेखात ‘अक्षयनीवि’ म्हणजे न संपणारी ठेव आहे. गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे ३००० कार्षापण ठेवले. २००० वर दरमहा शेकडा एक आणि १००० वर पाऊण असे व्याज ठरले. मुद्दल परत घ्यायचे नाही, केवळ व्याजातून भिक्खूंच्या चीवरादिकांचा खर्च करायचा. आमच्या जुन्नरच्या लेण्यांतही धान्य व्यापाऱ्यांच्या श्रेणीने लेणे दान दिल्याचा लेख आहे, यवनांची दाने आहेत, कल्याणच्या दात्याने लेण्याद्रीस दिलेले चैत्यगृह आहे. बांबूकाम करणाऱ्यांच्या आणि कासारांच्या श्रेणींकडे ठेव सोपवल्याचाही लेख आहे. ज्या कारागिरांना पुढे जातिव्यवस्थेने खालच्या पायरीवर ढकलले, त्यांच्या हाती त्या काळी संघाचा पैसा विश्वासाने दिला जात होता! नाणेघाटाने समुद्राचा व्यापार वर चढला, त्या संपत्तीतून दान झाले, आणि कोणी, काय, कोणासाठी दिले याचा हिशेब कातळावर सर्वांना वाचता येईल असा कोरला गेला. कातळावरचा हा हिशेब पाहत वाढलेल्या मुलांनी आजच्या सागरी संपत्तीचाही हिशेब मागावा.

म्हणून आमची सूचना साधी आहे. नववी-दहावीच्या वर्गांत दरवर्षी एक आठवडा या विषयाला द्यावा. मुलांनी युरियाच्या रिकाम्या गोणीवरील छापील किंमत व अनुदान वाचावे, डिझेलच्या एका लिटरमध्ये कर किती हे काढावे, कांद्याच्या पट्टीतून गाडीभाडे वजा करावे, तोडणीच्या मजुरीचा वर्षभराचा आलेख काढावा. त्याच आठवड्यात अनुच्छेद २९७ वर्गात मोठ्याने वाचावा आणि लेण्याद्रीच्या लेखासमोर मुलांना उभे करावे. जे माजी विद्यार्थी तेल, खत वा बंदर उद्योगात आहेत, मग ते कायम असोत वा कंत्राटी, त्यांनी एक दिवस येऊन आपली पगारपत्रके मुलांना समजावून सांगावीत. पालकांनी आपल्या मजुरीचा हिशेब मुलांपासून लपवू नये. तो हिशेब लज्जेचा नाही, अभ्यासाचा आहे.

दीघ निकायातील कूटदन्त सुत्तात राजाला सल्ला मिळतो, की राज्यात शांतता हवी असेल तर शेतकऱ्यास बी-बियाणे, व्यापाऱ्यास भांडवल आणि सेवकास योग्य वेतन द्यावे. या तिन्हींपैकी आपल्या घरात काय पोहोचले आणि काय वाटेत राहिले, हे ज्या मुलीला कागदावर मांडता येईल, ती उद्या ग्रामसभेत, कामगार संघटनेत किंवा विधिमंडळात उभी राहून हक्काने प्रश्न विचारील. तिला तो प्रश्न विचारता येण्याइतके शिकवणे हे या शाळेचे काम आहे.

जय भीम! नमो बुद्धाय!