मूलपेशी, धर्म आणि राजसत्ता

बुलढाणा जिल्ह्यातील रोहिणखेड येथे 1590-91 च्या सुमारास एक निर्णायक लढाई झाली. निजामशाहीची सूत्रे हाती घेतलेल्या जमालखानाने महदवी पंथाला राज्याचा पंथ ठरविले होते. खानदेशच्या राजा अलीखानाचे साहाय्य घेऊन बुऱ्हाण निजामशहाने येथे त्याचा पराभव केला. जमालखान मारला गेला आणि अहमदनगरात शिया पंथाला पुन्हा राजमान्यता मिळाली. अवघ्या काही वर्षांत राज्याची श्रद्धा दोनदा बदलली. रयतेला मात्र कोणी विचारले नाही. काय खरे मानावे हे राजसत्तेने ठरवावे, ही रीत रोहिणखेडच्या मातीत गाडली गेली असे कोणास वाटत असेल, तर त्याने मूलपेशींच्या संशोधनाचा अलीकडचा इतिहास पाहावा.

मूलपेशी, म्हणजे डॉक्टर ज्यांना स्टेम सेल म्हणतात त्या, स्वतःसारख्या नव्या पेशी निर्माण करतात आणि शरीरातील निरनिराळ्या पेशींचे रूपही घेऊ शकतात. 1998 साली अमेरिकेत जेम्स थॉमसन यांनी मानवी भ्रूणापासून त्या वेगळ्या काढून प्रयोगशाळेत वाढविल्या. यासाठी काही दिवसांचा भ्रूण नष्ट होतो, म्हणून कॅथलिक चर्चने आणि तेथील सनातनी ख्रिस्ती गटांनी कडाडून विरोध केला. या गटांच्या मतांवर निवडून आलेल्या राष्ट्राध्यक्ष बुश यांनी 9 ऑगस्ट 2001 रोजी जाहीर केले की, त्या दिवसापूर्वी तयार झालेल्या पेशीवंशांखेरीज इतरांवरील संशोधनास केंद्र सरकारचा पैसा मिळणार नाही. हे बंधन सैल करणारी विधेयके त्यांनी 2006 आणि 2007 मध्ये नकाराधिकाराने रोखली. ओबामांनी 2009 मध्ये ते उठविले. याउलट, धर्मगुरूंचेच राज्य असलेल्या इराणमध्ये खामेनी यांनी 2002 साली या संशोधनास अनुमती दिली. तात्पर्य, धर्माचा अर्थ सत्तेच्या सोयीप्रमाणे लावला जातो.

भ्रूणाविषयीचा नैतिक प्रश्न आम्ही क्षुल्लक मानीत नाही. गरीब स्त्रियांच्या बीजांडांचा बाजार मांडला जाऊ नये आणि चौदा दिवसांपुढे मानवी भ्रूण प्रयोगशाळेत वाढवू नये, ही बंधने योग्यच आहेत. पण ती खुल्या चर्चेतून यावीत, फतव्यातून किंवा मतपेटीच्या हिशेबातून नव्हे.

आपल्याकडे कोणा धर्मपीठाने प्रयोगशाळेला कुलूप लावले नाही. बुश सरकारच्या 2001 च्या यादीतील 64 पेशीवंशांपैकी 10 भारतातील होते. त्यांतील 7 मुंबईच्या रिलायन्स लाइफ सायन्सेसचे होते. पुढे परळच्या राष्ट्रीय प्रजनन स्वास्थ्य संशोधन संस्थेनेही असे पेशीवंश तयार केले. परंतु यावरून आपण अधिक विवेकी ठरतो, असे समजण्याचे कारण नाही. येथील धर्माभिमान संशोधकाला 'करू नका' म्हणत नाही. तो म्हणतो, 'हे आम्ही केव्हाच केले आहे.' ऑक्टोबर 2014 मध्ये मुंबईतील एका रुग्णालयाच्या उद्घाटनप्रसंगी पंतप्रधान मोदींनी कर्णाच्या जन्माचा संबंध जनुकशास्त्राशी जोडला. जानेवारी 2019 मध्ये जालंधरच्या भारतीय विज्ञान काँग्रेसमध्ये आंध्र विद्यापीठाच्या कुलगुरूंनी शंभर कौरव मूलपेशींच्या तंत्राने जन्मले, असे सांगितले. अनेक शास्त्रज्ञांनी निषेध केला, हे त्यांना भूषणावह आहे. महाभारताचे मोठेपण त्यातील मानवी शोकांतिकेत आहे. त्याला प्रयोगशाळेच्या प्रमाणपत्राची गरज नाही.

हा पोकळ अभिमान निरुपद्रवी नाही. पुरावा न मागता टाळ्या वाजविण्याची सवय लागलेल्या समाजात भोंदूगिरीला पांढरा कोट घालून फिरता येते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार, रक्ताच्या ठरावीक विकारांवरील मज्जाप्रत्यारोपणासारखे मान्य उपचार वगळता, मूलपेशींचा वापर केवळ मान्यताप्राप्त चाचणीतच करता येतो. 2013 मध्येच तत्त्वांच्या शीर्षकातून 'उपचार' हा शब्द गाळण्यात आला होता. तरीही मेंदूच्या विकारांपासून मधुमेहापर्यंत सर्वांवर मूलपेशींचा रामबाण इलाज सांगणाऱ्या जाहिराती झळकत राहिल्या. स्वमग्न मुलांवर हा उपचार करू नये, असे राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या मंडळाला डिसेंबर 2022 मध्ये बजावावे लागले. औषधे व जादुई उपायांच्या जाहिरातींवरील कायदा 1954 पासून आहे. प्रश्न तो वापरण्याच्या राजकीय इच्छाशक्तीचा आहे. अशा जाहिरातीला भुलून रोहिणखेडच्या एखाद्या कोरडवाहू शेतकऱ्याने मुलासाठी दोन एकर विकले, तर ते पैसे त्याला कोणते पुराण परत करणार?

उलट, जेथे हे विज्ञान खरोखर प्राण वाचविते, तेथे गरिबाला दार बंद आहे. विदर्भातील आदिवासी व दलित समाजांत सिकलसेलचा आजार मोठ्या प्रमाणावर आहे. जुळणारा दाता मिळाला तर मज्जाप्रत्यारोपणाने, म्हणजे रक्ताच्या मूलपेशींनीच, तो बरा होऊ शकतो. सख्ख्या भावंडाची मज्जा पूर्ण जुळण्याची शक्यता चारांत एक असते; खर्च मात्र मजुराच्या आयुष्यभराच्या कमाईला पुरून उरतो. मुंबई महानगरपालिकेने बोरिवलीत लहान मुलांसाठी असे केंद्र उभारून सार्वजनिक यंत्रणेला हे जमते, हे सिद्ध केले आहे. मग गडचिरोलीच्या मुलासाठी ते का जमू नये?

आणीबाणीतील 42 व्या घटनादुरुस्तीने लोकशाहीवर अनेक घाव घातले. पण तिनेच वैज्ञानिक दृष्टिकोन वाढविणे हे नागरिकाचे कर्तव्य म्हणून नोंदविले. त्या कर्तव्यासाठी डॉ. नरेंद्र दाभोलकरांना 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात प्राण द्यावे लागले. गंडेदोऱ्यांविरुद्ध बोलणाऱ्या आपल्या कार्यकर्त्यांनी आता गावोगाव या नव्या भोंदूगिरीविरुद्धही बोलले पाहिजे. संशोधनाला सार्वजनिक निधी, खोट्या जाहिरातींवर खटले आणि सिकलसेलच्या रुग्णाला मोफत मज्जाप्रत्यारोपण, या तीन मागण्या घेऊन प्रत्येक तहसील कचेरीवर गेले पाहिजे. विज्ञानावर धर्मसत्तेचा पहारा नको; पण त्यावर थैलीशहांची मालकीही आम्हांला मान्य नाही.