स्वस्त युनिट कारखान्याच्या दारात कितीला पडतं?

मा. अध्यक्ष आणि सदस्य,
महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग, मुंबई



कोल्हापूरजवळ मी फाउंड्री चालवतो. इंडक्शन भट्टीवर लोखंड वितळवणाऱ्याचं गणित विजेवर ठरतं, म्हणून हे पत्र.

2003 च्या वीज कायद्याने 1 मेगावॅट आणि त्यावरच्या ग्राहकाला महावितरणव्यतिरिक्त दुसऱ्याकडून वीज घेण्याची वाट मोकळी केली. केंद्राच्या 6 जून 2022 च्या नियमांनी हरित विजेसाठी ही मर्यादा 100 किलोवॅटवर आणली. त्यामुळे आमच्यासारखे मध्यम कारखानेही ओपन ॲक्सेसच्या कक्षेत आले. हे फार चांगलं झालं.

पण वीज विकायला येणारा जो दर सांगतो, तो बहुतेक वेळा त्याच्या सौर प्रकल्पाच्या दारातला असतो. आमच्या मीटरपर्यंत येताना त्यावर पारेषण आकार, वहन आकार, क्रॉस सबसिडी अधिभार आणि काही बाबतींत अतिरिक्त अधिभारही चढतो. वाटेतल्या गळतीचे युनिटही आमच्याच खात्यातून वजा होतात. साप्ताहिक सुट्टीला भट्टी बंद असते, ऊन मात्र असतंच. त्या दिवशीचे युनिट नंतरच्या वापरासाठी बँकिंगमध्ये जमा होतात आणि ते कोणत्या वेळेच्या वापरातून वळते होणार, यावर त्यांची खरी किंमत ठरते. महावितरणचा डिमांड चार्ज तर सुरूच राहतो. ही सगळी बेरीज करून कारखान्याच्या दारात युनिट कितीला पडेल, हे सांगणारा प्रस्ताव क्वचितच हाती येतो.

अधिभार टाळायचा तर ग्रुप कॅप्टिव्हचा रस्ता सुचवला जातो. त्यात वापरकर्त्यांकडे वीज प्रकल्पाचं किमान 26 टक्के भागभांडवल हवं आणि वर्षभरात तयार झालेल्या विजेपैकी किमान 51 टक्के वीज त्यांनीच वापरायला हवी. मंदीत एखाद्या भागीदाराचं ओतकाम थंडावलं आणि ही अट मोडली, तर त्या वर्षीच्या सगळ्या विजेचा कॅप्टिव्ह दर्जा जातो. शेजारच्याच्या ऑर्डरी आटल्या म्हणून अधिभार माझ्या बिलात येऊ शकतो, हे सही करण्याआधी किती जणांना कोणी समजावून सांगतं?

आता सगळ्यात कठीण भाग. हे करार पंधरा-वीस वर्षांचे असतात, आकार मात्र तेवढे टिकत नाहीत. 28 मार्च 2025 चा आपला दर आदेश, लगेच त्याला मिळालेली स्थगिती आणि 25 जूनचा पुनर्विलोकन आदेश आम्ही पाहिला. अनेक फाउंड्र्यांनी रात्रपाळीचं वितळकाम रात्रीच्या सवलतीवर बेतलं होतं. या आदेशांमुळे ती सवलत दिवसाकडे सरकली. दिवसा सौरवीज मुबलक असते, म्हणून या बदलामागचं कारण मला पटतं. पण महावितरणची दिवसाची वीज स्वस्त झाली की बाहेरून घेतलेल्या सौरविजेतली बचत तेवढीच घटते. ज्याने आधीच करार केला आहे, त्याने काय करायचं?

क्रॉस सबसिडीतून शेतीपंपाला स्वस्त वीज मिळते. आमच्याकडे कारखान्यात येणारा कामगार बहुधा शेतकऱ्याच्याच घरातला असतो. तो भार आम्ही उचलू. फक्त तो किती आणि कुठवर, हे आधी कळू द्या. केंद्राच्या 2022 च्या नियमांत प्रकल्प सुरू झाल्यापासून बारा वर्षं क्रॉस सबसिडी अधिभार 50 टक्क्यांपेक्षा जास्त वाढू नये, अशी मर्यादा आहे. बँकिंग आणि वेळेनुसारच्या दरांनाही असंच संरक्षण द्या: करार ज्या नियमांनुसार झाला, ते त्या कराराला ठरावीक वर्षं लागू राहावेत.

आणि ओपन ॲक्सेसमधून वीज विकणाऱ्या प्रत्येकासाठी आयोगाने प्रस्तावाचा एकच नमुना ठरवावा. त्यात सर्व आकार आणि गळती धरून कारखान्याच्या मीटरवर पडणारा दर असावा, अधिभार वाढला तर तो कोणी सोसायचा हे असावं, आणि मुदतीआधी बाहेर पडायला किती पैसे लागतील तेही. तो मराठीत असावा. तो भरून दिल्याशिवाय आलेला ओपन ॲक्सेसचा अर्ज स्वीकारू नये. या नमुन्यावरची जनसुनावणी मुंबईबरोबर कोल्हापुरातही घ्यावी. आम्ही आमची बिलं घेऊन येऊ.

आपला,
एक फाउंड्रीचालक, कोल्हापूर