ऑगस्टपुरता मास्तर

कोकणात पावसाळ्यात लग्ने होत नाहीत, म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये बँडवाला स्वस्त मिळतो. आमच्या अनेक शाळांचे वाद्यसंगीताचे शिक्षण या एका हवामानाच्या कारणावर उभे आहे, असे म्हटले तर माझे सहकारी चिडतील. चिडू देत. मी स्वतः वीस वर्षे शिक्षक आहे, बी.एड. आहे, उर्दू आणि मराठी शिकवतो, आणि या प्रकरणात माझे हात स्वच्छ नाहीत. ते पुढे सांगतो.

दृश्य असे असते. जुलैच्या शेवटी शाळेला आठवण येते की पंधरा ऑगस्ट जवळ आला. कपाटावरून वाद्ये उतरतात. ट्रम्पेटच्या कळा गंजलेल्या, युफोनियमच्या भोंग्यात कोळ्याचे जाळे, साईड ड्रमचे कातडे सैल. मग कोणीतरी म्हणतो, "त्या बँडवाल्याला फोन लावा रे." आणि एक माणूस छत्री मिटत शाळेच्या पायऱ्या चढतो. मी ज्यांच्याबद्दल बोलतोय त्यांना आम्ही चाचा म्हणायचो. वय साठीच्या पुढे. आयुष्यभर वरातीत कॉर्नेट वाजवलेले. पहिले दोन दिवस ते कोणाला काही शिकवत नसत. एक फडके, थोडे तेल आणि पातळ तार घेऊन व्हरांड्यात बसत आणि शाळेने वर्षभर कुजवलेली वाद्ये जिवंत करत. त्या दोन दिवसांचे पैसे त्यांना कधीच मिळाले नाहीत, कारण ठरलेले काम 'शिकवण्याचे' होते.

शिकवणे कसे असायचे ते ऐका, म्हणजे 'बँडवाला काय शिकवणार' असे म्हणणाऱ्यांना थोडे कळेल. कॉर्नेटला कळा तीनच. सा वाजवायचा तर एकही दाबायची नाही. रे ला पहिली आणि तिसरी. ग ला पहिली आणि दुसरी. म ला फक्त पहिली. प पुन्हा मोकळा. ध ला पहिली आणि दुसरी, म्हणजे अगदी ग सारखेच. नी ला दुसरी. वरचा सा मोकळा. आता मुलगा गोंधळतो : ग आणि ध ला बोटे तीच, मग सूर वेगळा कसा? चाचा म्हणायचे, "बोटं तीच, होट वेगळे." ओठ किती आवळायचे, वारा किती जोराने सोडायचा, यावर सगळे. ही गोष्ट ते मुलाला फळ्यावर समजावत नसत. वाद्याचे नुसते तोंड, माउथपीस, हातात देऊन त्याच्यावर भुणभुण करायला लावत. तीन-चार दिवस नुसती भुणभुण. वर्गाबाहेरून जाणारे शिक्षक हसायचे.

मी हसलो नाही, कारण मी पहिलीच्या मुलांना बे, पे, ते शिकवलेले आहे. अक्षराची बैठक तीच असते, नुक्ता बदलला की आवाज बदलतो. ते मुलाच्या डोक्यात कसे उतरवायचे यावर बी.एड.ला आम्ही पाठ टाचणे लिहिली होती. चाचांनी एकही पाठ टाचण लिहिले नाही, पण सोप्याकडून कठीणाकडे, मूर्ताकडून अमूर्ताकडे, ही जी सूत्रे आम्ही परीक्षेत पाठ लिहिली ती मी त्या व्हरांड्यात चालताना पाहिली.

पंधरा दिवसांनी मुलांनी संचलनाची धून वाजवली. परेडला टाळ्या पडल्या. नंतर एका स्पर्धेत शाळेला बक्षीस मिळाले, आणि प्रमाणपत्रावर मार्गदर्शक शिक्षक म्हणून नाव आले माझे. बँडप्रमुख म्हणून शाळेने माझे नाव कळवले होते, कारण यादीत 'कर्मचारी' लागतो. मी त्या दिवशी स्टेजवर गेलो, प्रमाणपत्र घेतले, फोटो काढला. मला ट्रम्पेटमधून आजही एक सूर काढता येत नाही. चाचांना मिळालेली रक्कम माझ्या दोन दिवसांच्या पगाराइतकी होती. व्हाउचरवर शीर्षक होते : किरकोळ खर्च. खडू, झाडू, बँडमास्तर.

एका शाळेचा हा दोष असता तर मी घरातल्या घरात भांडलो असतो. व्यवस्थाच अशी आहे. शिक्षण हक्क कायदा २००९ चा. त्याच्या अनुसूचीत सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी, शंभरपेक्षा जास्त पट असेल तर, कलाशिक्षण, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांना अर्धवेळ निदेशक द्यायचे लिहिले आहे. बघा, कायदा करतानाच कलेच्या वाट्याला 'अर्धवेळ' आले. आणि त्या कलेत चित्रकला, गायन, वादन, नाट्य सगळे एकाच खुर्चीवर. खुर्ची बहुतेक ठिकाणी चित्रकलेच्या सरांकडे जाते, किंवा रिकामी राहते. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने अभ्यासक्रम आणि अभ्यासेतर यांच्यातली भिंत पाडायची भाषा केली. छान. आणि केंद्र सरकार दरवर्षी राष्ट्रीय शालेय बँड स्पर्धा घेते, तिथे ब्रास बँड आणि पाईप बँड, मुलांचे वेगळे, मुलींचे वेगळे, अंतिम फेरी दिल्लीत प्रजासत्ताक दिनाच्या सुमारास. म्हणजे स्पर्धा आहे, चषक आहे, गणवेश आहे. शिकवणाऱ्याचे पद नाही. ज्या शाळा वरपर्यंत पोचतात त्यांच्याकडे पैसा असतो किंवा निवृत्त लष्करी, पोलिसी बँडवाला मिळालेला असतो. लष्कराकडे तरी पचमढीला वादकांना शिकवायची रीतसर संस्था आहे. बाकीच्यांकडे चाचा.

जानेवारीचे तर वेगळेच दुखणे. सव्वीस जानेवारी ऐन लग्नसराईत येतो. त्या दिवशी सुपारी असेल तर चाचांनी काय करावे? एका वर्षी ते परेडला आले नाहीत. आमच्या स्टाफरूममध्ये त्यांच्या देशप्रेमावर बोलणे झाले. बोलणाऱ्याला सातव्या आयोगाचा पगार आहे आणि त्या दिवशी सुट्टी नसली तरी पगार कापला जात नाही. चाचांची एक वरात गेली तर घरात आठवड्याचा बाजार जातो. वर त्यांचा धर्म पाहून ते वाक्य जरा जास्तच सहज निघाले, हेही लिहून ठेवतो.

अमेरिकेत ड्रम कोअर नावाचा प्रकार आहे. ब्रास आणि ड्रमचे शंभर-दीडशे तरुण मैदानावर चालत, आकृत्या करत वाजवतात. पहिल्या महायुद्धानंतर माजी सैनिकांच्या संघटनांनी मुलांची पथके काढली, त्यातून ते वाढले, १९७२ पासून त्यांची मोठी राष्ट्रीय स्पर्धा होते. या पथकांना ब्रास शिकवणारे बरेच जण शाळांचे संगीत शिक्षक असतात. वर्षभर शाळेत पगारी नोकरी, उन्हाळ्याच्या सुट्टीत पथकाबरोबर गावोगाव. आमच्याकडे चित्र नेमके उलटे. तिकडे शाळेचा मास्तर सुट्टीत बँड शिकवायला जातो, इकडे बँडवाला बेकारीच्या महिन्यात शाळेचा मास्तर होतो.

'ती अमेरिका आहे' हे उत्तर मला मान्य नाही. गोवा तर शेजारी आहे. पोर्तुगीज काळात तिथे चर्चच्या शाळांतून संगीताचा मेस्त्री असायचा. तो गावातच राहायचा आणि वर्षभर मुलांना स्वरलेखन वाचायला, व्हायोलिन धरायला, फुंकवाद्य वाजवायला शिकवायचा. त्या शाळांतून आणि त्या परंपरेतून जे वादक निघाले त्यांनी लष्कराचे, संस्थानांचे बँड भरले आणि पुढे मुंबईचे सिनेसंगीत उभे केले. अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसूझा, ट्रम्पेटवाले फ्रँक फर्नांड आणि चिक चॉकलेट ही गोव्याचीच माणसे. गावच्या एका पगारी मास्तराने केवढे काम केले ते पाहा.

मराठी राज्यकर्त्याचेही उदाहरण आहे. बडोद्यात सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयाने १८८६ साली मौलाबक्ष यांची गायनशाळा सुरू झाली. उस्ताद मुसलमान, राजा मराठा, शाळा सर्वांसाठी. मौलाबक्षांनी स्वरलिपी बसवली, शिकवायची पुस्तके लिहिली, राज्याने पगार दिला. आणि मैहरचे उस्ताद अल्लाउद्दीन खाँ? १९१८ च्या साथीत अनाथ झालेल्या पोरांना जमवून त्यांनी वाद्यवृंद बांधला, बंदुकीच्या नळ्या कापून नलतरंग केले. मैहर बँड त्यातूनच आला. जगाला रविशंकर देणारा माणूस अनाथ पोरांचा बँडमास्तर होता, आणि त्यात त्याला कमीपणा वाटला नाही.

आता आपल्या घरात येतो. कारण सरकारला शिव्या देणे सोपे असते.

आपल्या मोहल्ल्यात बँडवाल्याला आपण काय इज्जत देतो? त्याच्या मुलीचे स्थळ आले की लोक आवाज खाली करतात. 'बजानेवाले लोग' एवढे म्हटले की विषय संपला. दीनदार मंडळी सांगतात की मौसिकी हराम. मी मुफ्ती नाही, फतव्याच्या भाषेत बोलणार नाही. पण ईदच्या दिवशी हजरत आयशांच्या घरी दोन मुली डफावर गात होत्या, हजरत अबू बकर रागावले आणि रसूलुल्लाहंनी त्यांना गाऊ द्यायला सांगितले, ही हदीस बुखारीत आहे आणि तीही मी मदरशातच ऐकली. मतभेद आहेत, उलेमांमध्ये पहिल्यापासून आहेत. ज्याला ऐकायचे नाही त्याने ऐकू नये. मात्र हेच लोक मुलाच्या वरातीला डीजे सांगतात, छाती हादरेपर्यंत वाजवतात, तेव्हा हराम-हलाल मागच्या गल्लीत उभे असते. आणि ज्या डीजेने चाचांचा धंदा खाल्ला त्याला आगाऊ पैसे रोख देतात.

जो बेस ड्रम आणि जी झांज घेऊन आपली पोरे परेडला चालतात, ती युरोपच्या लष्करी बँडमध्ये आली उस्मानी तुर्कांच्या मेहतर पथकांकडून. अठराव्या शतकात युरोपचे राजे तुर्की वाद्यांची नक्कल करत होते. तीच वाद्ये इंग्रज इकडे घेऊन आले. मेरठच्या जली कोठीत आजही बँडची वाद्ये बनतात, तिथली नादिर अली कंपनी १८८५ ची. म्हणजे बनवणारे आपले, वाजवणारे आपले, मूळही आपल्याच इतिहासात, आणि लाजही आपल्यालाच! ग्रेगरी बूथ नावाच्या परदेशी अभ्यासकाने भारतातल्या लग्नाच्या बँडवर 'ब्रास बाजा' हे अख्खे पुस्तक लिहिले, २००५ साली आले. त्यात ही माणसे मोठ्या संख्येने मुसलमान किंवा दलित असल्याचे दिसते. आपल्याला ते शेजारी राहून दिसले नाही.

हिंदू वाचकांनाही एक विचारतो. पुण्याच्या विसर्जन मिरवणुकीत प्रभात बँड वाजतो तसा दरबार बँडही वाजतो. गणपतीपुढे फुंकणाऱ्याचे नाव अब्दुल आहे की आनंद, हे तिथे कोणी विचारत नाही, आणि विचारू नये हेच चांगले. पण तोच माणूस शाळेत मुलांना शिकवायला आला की त्याला स्टाफरूममध्ये खुर्ची का मिळत नाही? चाचा चहा व्हरांड्यात प्यायचे. कोणी मनाई केली नव्हती. कोणी बोलावलेही नव्हते.

'त्यांच्याकडे पदवी नाही' हा आक्षेप मी शेवटी घेतो, कारण तो माझ्याच जातीच्या, म्हणजे पदवीधरांच्या, तोंडी असतो. खरे आहे, नाही. त्यांना स्वरलेखन वाचता येत नाही, मुलांची नोंदवही ठेवता येत नाही, वर्गातल्या दंग्यावर त्यांचा उपाय कधी कधी काठी असतो. हे दोष आहेत, मी झाकणार नाही. पण मग माझ्याकडे नोंदवही द्या आणि त्यांच्याकडे वाद्य द्या. आठवड्याला दोन तास, जून ते एप्रिल, तासिकेप्रमाणे मेहनताना, बँक खात्यात, मानधन या शीर्षकाखाली. वाद्य दुरुस्तीचे वेगळे पैसे. सव्वीस जानेवारीची तारीख आधी ठरवून त्या दिवसाचे एका सुपारीएवढे पैसे. प्रमाणपत्रावर त्यांचे नाव आधी, माझे नंतर, किंवा माझे नकोच. यातल्या बऱ्याच गोष्टींना शासन निर्णय लागत नाही, शाळा व्यवस्थापन समितीची एक सभा लागते. आपल्या अंजुमन, आपल्या एज्युकेशन सोसायट्या इमारतींवर आखाती पैसा लावतात, प्रवेशद्वारावर देणगीदारांची संगमरवरी पाटी असते. त्यातून एका बँडमास्तराचे वर्षभराचे मानधन निघणार नाही, हे मला कोणी हिशेब मांडून दाखवावे.

मागच्या आठवड्यात मी चाचांच्या घरी गेलो होतो. त्या प्रमाणपत्राबद्दल माफी मागायची होती, इतकी वर्षे झाली तरी. त्यांनी ऐकून घेतले आणि हसले, तेव्हा दिसले की वरचे पुढचे दोन दात गेलेत. कॉर्नेटवाल्याचे दात गेले की त्याचे वाद्य गेले, माउथपीसला टेकायला काही उरत नाही. कवळी बसवायचा खर्च त्यांनी विचारून ठेवला होता. मी म्हटले, "चाचा, आता पोरांना कसं शिकवणार?"

"तोंडानं गाऊन दाखवीन," ते म्हणाले. "बोटं तर अजून आहेत." आणि विचारले, "या वर्षी फोन कधी करणार? जूनमध्येच करा. पंधरा दिवसांत पोरांचे होट तयार होत नाहीत, सर. मी दरवर्षी सांगत होतो."

ते खरोखर दरवर्षी सांगत होते.